काठोकाठ

"सातव्या दिवशी रमचं वाळवंट," नौफने नकाशावर बोट टेकवलं. "तिथं एका तंबूत कॉफी, आणि मग परत अम्मान."

"सात दिवस नुसती वाळू!" रागिब हसला. "माझ्या गुडघ्यांचा काही विचार केलास का गं?"

"गुडघ्यांसाठीच तर मधेमधे कलादालनं घातलीत, उस्ताद."

रागिबच्या कलादालनात नौफ चित्रं टांगायची, पाहुण्यांची सरबराई करायची, आणि वर्षाकाठी एखाद्या कोपऱ्यात स्वतःची दोन चित्रं लावायला मिळाली की गप्प बसायची. आता परदेशातले चित्रसंग्राहक येणार होते. त्यांना चित्रंही बघायची होती आणि वाळवंटात पायीही भटकायचं होतं. रागिब स्वतः त्यांना फिरवणार होता. सोबत अम्मानची चार बडी मंडळीही होती. आठवडा कसा घालवायचा, ते मात्र नौफवर सोपवलं होतं.

तिने तो मन लावून आखला. सुरुवातीला अम्मानची दालनं, मग मादबाच्या एका चित्रकाराचं घर. दानाच्या दरीतली उतरण तिने मुद्दाम भर दुपारी ठेवली. पेट्राला मागच्या डोंगरवाटेने जायचं ठरवलं, कारण पुढच्या वाटेला सावली आणि बाकडी होती. रागिबच्या पायाला फोड येतील, नाकाची सालं निघतील, या विचारानेच तिला बरं वाटायचं. पण ही नुसती फोडणी होती. खरं काय ते सातव्या दिवशी शिजणार होतं.

"त्या तंबूवाल्याला ओळखतेस ना नीट?" रागिबने विचारलं. "दिसायला अस्सल हवा हं. पाहुण्यांना फोटो लागतात."

"आहेत एक म्हातारे. अगदी अस्सल."

हे बोलताना तिच्या अंगाचा तिळपापड झाला. रागिबने त्या म्हाताऱ्यांना पाहिलं होतं, आणि विसरूनही गेला होता!

तिची चित्रं पहिल्यांदा लागली होती, त्या संध्याकाळची गोष्ट. तिचे वडील सुवेलिम दिवसभर बसचे धक्के खात रमहून आले होते. अंगावर धुळीने भरलेला अंगरखा, हातात बकरीच्या तुपाचा डबा. दालनात वकिलातीतली माणसं, अत्तरांचे वास, हळू आवाजातलं इंग्रजी. रागिबने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं होतं, "हे बुवा कुणाबरोबर आलेत?" गर्दीतून कुणीच काही बोललं नाही. मग नोकराने म्हाताऱ्याला दंडाला धरून मागच्या दाराने बाहेर काढलं. सुवेलिम पुन्हा कधी अम्मानला आले नाहीत. त्या दिवसाबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून नौफने रागिबवर डूख धरला होता. त्याच्याकडेच नोकरी करत, त्याच्याशी गोड बोलत तिने तो जपला होता. तिला त्याचा पाणउतारा हवा होता, आणि तोही चार लोकांत.

शुक्रवारी ती रमला गेली.

सुवेलिम निखाऱ्यांपाशी बसले होते. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"शहरात ऊन विकत मिळतं वाटतं? पांढरीफटक पडलीस."

"याबा, आधी ऐकून घ्या. त्या माणसाला तुमच्या दारात आणतेय."

कोणता माणूस, ते त्यांनी विचारलं नाही. ते वेलची कुटत राहिले, आणि तिने सगळा बेत सांगितला. दाना, पेट्रा, डोंगरवाट. शेवटी हा तंबू. सगळे गोल बसतील. ज्याला त्याला रीतीप्रमाणे कपाच्या तळाशी घोटभर कॉफी मिळेल. रागिबची पाळी आली की मात्र कप काठोकाठ भरायचा. या मुलखात भरल्या कपाचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो: एवढं पी आणि चालता हो. अम्मानच्या बड्या मंडळींना तर कळेलच. आठवड्याच्या आत ती गावभर करतील.

"मारायचं नाही, शिवी द्यायची नाही," नौफ म्हणाली. "तुम्ही फक्त ओता. त्याचं नाक कापलं जाईल बघा! त्याने तुम्हाला हाकललं, आता तुम्ही त्याला हाकला. फिट्टंफाट."

"बरेच दिवस मनात होतं का हे?"

"त्या दिवसापासून. याबा, मला रात्र रात्र झोप नाही येत."

"मलाही नाही आली बरेच दिवस," सुवेलिम म्हणाले.

नौफच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारा पहिल्यांदाच त्याबद्दल बोलत होता. आता तर तिला जोरच चढला. तो कुठं बसेल, कुणाच्या नंतर त्याला कप द्यायचा, कुणाचं तोंड कुणाकडे असेल, हे ती वाळूत बोटाने काढून दाखवू लागली. सुवेलिमनी डाव्या हातात कॉफीचं भांडं घेतलं, उजव्या हातात बिनकानाचा छोटा कप धरला आणि ओतू लागले. घोटभर झाली तरी त्यांचा हात थांबला नाही. कॉफी वर चढत गेली, काठाला आली, त्यांच्या अंगठ्यावरून ओघळली. चटका बसला असेल, पण त्यांनी कप हलू दिला नाही.

"अस्सा!" नौफ टाळी वाजवून हसली. "अगदी अस्साच भरायचा. त्याच्या कपड्यांवर सांडला तर दुधात साखर!"

सुवेलिमनी कप तिच्यापुढे धरला.

"घे."

"मला कशाला? हा तर त्याच्यासाठी..."

"तो बिचारा मला ओळखत नव्हता," सुवेलिम म्हणाले. "हे कुणाबरोबर आलेत, असं त्याने विचारलं ना, तेव्हा मी तुझ्याकडे बघत होतो, पोरी."