दोन कागदांवरचं लाल शेवाळ

“फुंकू नकोस दिशा. कागद खालून सरकव, हळूच,” पुष्पावतीबाई म्हणाल्या.

परातीतल्या पाण्यात लाल शेवाळाचा झुबका पसरला होता. सकाळपर्यंत तो वाळून चहाच्या भुकटीसारखा दिसत होता. दिशाने जाड कागद त्याच्याखाली नेला, अलगद वर उचलला, आणि फांदी न् फांदी कागदावर मोकळी झाली. नगरच्या सावेडीतल्या त्या गच्चीवर जमलेली पोरं माना पुढे काढून बघत राहिली.

पाण्यात गुलाबी रंग उतरला होता. मग हे जिथलं, तिथला समुद्र लाल असतो का, असं एकाने विचारलं. बाई हसल्या. वाळलेलं शेवाळ गोड्या पाण्यात टाकलं की रंग सोडतं, आणि खडकावर फार ऊन खाल्लं तर हेच पिवळट दिसतं, असं त्यांनी समजावलं.

“म्हणून रंगावर जाऊ नका. फांदी कशी फुटते ते बघा.”

मग त्यांनी फरशीवर खडूने हरिहरेश्वरचा खडक काढला. इथे लाटा आपटतात, म्हणून इथलं शेवाळ आखूड आणि काळपट. इथे कपारीच्या सावलीत डबकं, तिथलं लांब आणि लालचुटूक. या कडेवर पाऊल आडवं टाकायचं, नाहीतर घसरलात म्हणून समजा. पोरांनी लगेच खडूच्या रेघेवर पावलं आडवी टाकून पाहिली.

अमृत कठड्याला टेकून ऐकत होता. शाळेत त्याला विज्ञान बाईंनी शिकवलं, कॉलेजात वनस्पतिशास्त्र त्यांच्या यजमानांनी, रामहरी सरांनी. आता सरांच्याच जागेवर तो शिकवत होता. दर हिवाळ्यात अमावास्येच्या ओहोटीला हरिहरेश्वर, हा त्या घरचा नेम होता. कपाटातला एकूण एक नमुना तिथला, आणि प्रत्येकाखाली नाव बाईंच्या अक्षरात. सर गेले आणि नेम मोडला.

नाव न लिहिलेले दोनच कागद उरले होते. एकावर आखूड काळपट शेवाळ, दुसऱ्यावर लांब लाल. दोन्ही जेलिडियम नावाच्या लाल शेवाळाच्या गटातलीच, एवढं नक्की. सर म्हणायचे, जाती दोन आहेत. बाई म्हणायच्या, जात एकच, एक लाटेखाली वाढलं आणि एक सावलीत. हा वाद त्या घरात जेवणाच्या ताटावरही चालायचा. तो मिटायचा तर खडकावर दोघांच्या मधलं शेवाळ सापडायला हवं होतं, धड आखूड नाही, धड लांब नाही असं. नाही सापडलं, असं सर म्हणत. डबक्याची पलीकडची कड तुम्ही नीट बघितलीच नाही, असं बाई ऐकवत.

आता बाईंच्या एका डोळ्याला जवळजवळ दिसत नव्हतं. दुसराही फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते दोन कागद मात्र त्या रोज उजेडात धरून बघत.

पोरं पांगली तसा अमृत म्हणाला, “बाई, परवा अमावास्या. गाडी काढतो. डोळा आहे तोवर बघून या.”

वाळलेले कपडे काढणारी रंगुबाईच मध्ये पडली.

“न्हाई यायच्या त्या. मी हितं कामाला लागल्यापून बाई कुटं गेल्या न्हाईत. आदी सासूबाईंचं अंथरून, मग ह्यो गवताचा पसारा. जनावर तोंड लावायचं न्हाई असलं गवत.”

“रंगू,” बाई म्हणाल्या, “माझी काठी कुठे ठेवलीस?”

अमावास्येला उजाडता उजाडता ते निघाले. दोन्ही कागद बाईंनी पुठ्ठ्यात घालून मांडीवर घेतले होते. बेलवंडी फाट्याजवळ उसाने लादलेले ट्रॅक्टर आडवे आले आणि गाडी थांबली.

“माझं माहेर श्रीगोंद्याकडचं,” बाई म्हणाल्या. “मळ्यातलं घर. वारा सुटला की रात्रभर ऊस बोलायचा. लग्न होऊन नगरात आले, तर त्या आवाजावाचून डोळाच लागेना.”

ताम्हिणीचा घाट उतरल्यावर त्यांनी काच खाली केली आणि बाहेर बघू लागल्या. जिथे दोघांनी मिळून इतके हिवाळे घालवले तिथे एकटीने जायचं म्हणजे काय होत असेल, हे त्याला कळत होतं. किनाऱ्यावर पोचल्यावर आपण चार पावलं मागे राहायचं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

गाव आलं तेव्हा उन्हं कलली होती. अमृतने मोबाईलवर रस्ता बघायला घेतला, तर बाईंनी हातानेच नको म्हटलं.

“देऊळ उजव्या हाताला ठेव. पुढे दगड रचलेला कुंपणाचा गडगा लागेल, तिथून डावीकडे. मग पोफळीची वाडी. ती संपली की केवड्याचं बन, त्याच्या अलीकडे गाडी लाव. बनाच्या पलीकडे खडक.”

देऊळ आलं, गडगा आला, वाडी आली. एकही वळण चुकलं नाही. अमृतला वाटलं, माणूस गेलं तरी पायांखालची वाट जात नाही.

केवड्याच्या बनापाशी त्याने इंजिन बंद केलं, तशी पलीकडून लाटांची गाज ऐकू येऊ लागली. बाई काठी टेकत उतरल्या, दोन पावलं चालल्या आणि जागच्या जागी थांबल्या. ठरवल्याप्रमाणे अमृत मागे राहिला.

बाईंनी मान कलती करून बनाच्या दिशेने कान दिला. मग त्यांनी वळून पाहिलं. चेहरा माहेरी आलेल्या पोरीसारखा खुलला होता.

“अमृत, पलीकडे ऊस आहे का रे? केवढा सळसळतोय,” त्या म्हणाल्या. “हे परत आले की इथलं सगळं सगळं सांगायचे. उसाचं कसं कधी बोलले नाहीत?”