हॉकीचे दोन गेम

मॉन्ट्रियलच्या एका कंपनीत बर्फावरच्या हॉकीचा व्हिडिओ गेम बनवताना सोलांजने गोलरक्षकाच्या हालचालींवर दोन वर्षं खर्ची घातली. गेमच्या शेवटी झळकणाऱ्या नावांतून मालक रेजाँने नेमकं तिचंच नाव गाळलं. त्याचा गेम बुडवायचाच, या इराद्याने ती हॉकीचाच गेम बनवणाऱ्या समोरच्या कंपनीत गेली. सहा वर्षं दोघांत चुरस चालली. तिचा गोलरक्षक चपळ झाला की त्याच्या गेममधल्या बर्फावर स्केटचे खरे वाटणारे ओरखडे उमटायचे. ते पाहून ती प्रेक्षकांचा गलबला आणखी जिवंत करायची. कोणता गेम भारी, यावरून मुलं भांडायची.

अखेर रेजाँची कंपनी बंद पडली. सोलांजने ऑफिसभर पेढ्यांसारखी मेपलची मिठाई वाटली.

दुसऱ्या दिवशी तिची मालकीण म्हणाली, "यंदा जुन्याच गेमला नव्या जर्सी चढवू. मुलं आता जातील कुठे? तुझ्या टीमची काही गरज नाही."

सोलांजने रेजाँला फोन लावला.

"काय बाई, जखमेवर मीठ चोळायला केलास?"


"नाही रे. कंपनी पुन्हा काढ, मी येते. मला आणखी एक गेम बुडवायचाय."