पोचल्याच्या टाळ्या

विमान दिल्लीला टेकलं आणि बुधरीने एकटीनेच खणखणीत टाळ्या वाजवल्या. पुढचे लोक वळून हसले. शेजारचा गृहस्थ म्हणाला, "बाई, पहिल्यांदाच बसलात वाटतं? विमानात कोणी टाळ्या वाजवत नाही आता."

"आमच्या गावात वाजवतेत, भाऊ. पुरातून डोंगा पल्याड लागला का समदे टाळ्या वाजवतेत. अल्याडच्या काठाले समजते, आपली माणसं पोचली."

"पण इथं कोण ऐकणार आहे?"

बुधरीचे हात थांबले नाहीत.

"माया पोराच्या डोंग्याच्या टाळ्या आल्याच नाई. मी अल्याड उभीच होती. तवापासून नदीवर पूल मागून राह्यलो आमी. इथी कोण आयकते, तेच पाहाले आली."