गॉगलवर घातलेलं नाव

हरवलेल्या नवऱ्याला नांदेडला जाऊन पुन्हा शोधायचे, तर चंपाबाईंकडे विकण्यासारखा आता त्याचा गॉगलच उरला होता.

इचोड्याच्या धाब्यावर नागपूरहून आलेल्या संग्राहकाने तो उन्हाकडे धरला. काचांवर ओरखडा नव्हता, बिजागऱ्या घट्ट होत्या. त्याची बोटे हळुवार झाली. अशा जुन्या परदेशी गॉगलचे मोल शेवटी आतला क्रमांक ठरवतो, असे म्हणत त्याने काडी उलटली आणि तो थांबला. नेमके त्या क्रमांकावरच, घरच्या भांड्यांवर घालतात तसे, कोणीतरी नाव घातले होते : नागनाथ, इचोडा.

"मावशी, हे काऊन केलं? नंबर शाबूत असता, तर तुम्ही मागाल ते दिलं असतं. आता याला कोणी हात नाही लावणार."

चंपाबाईंनी त्या नावाकडे बोट केले.

"आमच्या मालकायले काई आठवे नाई, बाबू. सोताचं नावबी नाई. सदरा रोज बदले, पण गॉगल काई डोळ्यावरून उतरे नाई. मनलं, लग्नाला उसनं दिलेलं भांडं नावावरून घरी येते, मंग माणूस काऊन नाई येणार?"

संग्राहकाने गॉगल अलगद त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो पदराने पुसला.

"नाव वाचून एक जण आला ना नांदेडावरून, पार आमच्या दारापर्यंत. मी त्याचा अन् मालकायचा, दोघायचा चहा ठेवला. त्यानं खिशातून हा गॉगल काढून देल्ला."