आज किती घेतलं?

“आज किती घेतलं?”

“पंधरा मिली. उलटी नाही, काही नाही.”

खाटेवरच्या बायकोने डोळे मिटून हुश्श केलं. नवऱ्याने रिकामी पिशवी स्टुलावर टाकली. त्याला धाप लागली होती. लिफ्ट दुरुस्त करण्यात अर्धं आयुष्य गेलं होतं बेट्याचं, पण या इमारतीच्या लिफ्टवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. पहिल्या मजल्यावर बाळंतिणी, पाचव्यावर हृदयाची ऑपरेशनं झालेली बाळं. दिवसातून सहा वेळा तो दुधाची बाटली घेऊन जिन्याने वर जायचा.

बाळ दोन दिवसांचं असताना त्याची छाती उघडावी लागली होती. बायकोने त्याला पाहिलं ते जन्मताना, तेही ओझरतं. बाळंतपणात तिचं बीपी असं काही चढलं, की डॉक्टरांनी उठायचीच बंदी केली. “यांच्या जिवाला घोर लागेल असं काही कानावर घालू नका,” हेही नवऱ्याला बजावलं.

मग तिच्या हातात उरलं काय? दूध. दर तीन तासांनी ती पंप लावायची, बाटलीवर वेळ लिहायची आणि जिन्यातल्या पावलांकडे कान लावून पडायची.

ऑपरेशनच्या दिवशी पाचव्या मजल्यावरच्या रखवालदाराने नवऱ्याच्या मनगटावर प्लॅस्टिकचा पट्टा अडकवला होता. “हा असेल तरच आत. दोनच वेळा कापतो आम्ही. एक, बाळ घरी निघालं की.” दुसरी वेळ त्याने सांगितली नाही आणि नवऱ्याने विचारली नाही.

पहिले चार दिवस वैऱ्यावरही येऊ नयेत असे गेले. यंत्र श्वास देत होतं, छातीतून नळ्या निघाल्या होत्या, आणि नाकातल्या नळीतून दूध जायचं दोन मिली. दोन! चहाच्या चमच्यातही जास्त मावतं. बायको खाली फोटोसाठी हट्ट धरायची आणि तो म्हणायचा, “नळ्या निघू देत गं. मग काढतो.”

पाचव्या दिवशी तो आला तेव्हा दुपार टळली होती. केस ओले होते.

“होतात कुठे?”

“घरी जाऊन अंघोळ करून आलो. वर एका कागदावर सही पण करायची होती.”

“कसली सही?”

“दवाखान्याचे कागद. तुला ठाऊक आहेत ना यांचे नियम!”

तिने पुढे विचारलं नाही. भरलेली बाटली तेवढी त्याच्या हातात दिली.

त्या दिवसापासून तो भर उकाड्यात लांब बाह्यांचे शर्ट घालू लागला, मनगटापर्यंत बटणं लावून. बायको शिवणकाम करणारी. तिची नजर आधी बाह्यांवरच जाणार.

“हे काय सोंग?”

“वर एसी फार असतो.”

आणि मग बाळाने उभारी धरली. दोनाचे पाच मिली झाले, पाचाचे दहा. वरच्या मोठ्या ताई, म्हणजे तिथल्या मुख्य नर्स, दारातच बाटली घ्यायच्या, तिच्यावर आपलं लेबल चिकटवायच्या आणि आत न्यायच्या. नवरा काचेतून बघायचा. काचेच्या पेटीशेजारी बाळाची आजी बसलेली असायची, एक बोट बाळाच्या मुठीत देऊन. त्याला पाहिलं की ती बाहेर यायची आणि त्याचे दोन्ही हात धरायची.

“तिला सांगा हो, तिच्या दुधाने माझ्या नातवाला तारलं. कुठल्या जन्मी फेडू तिचे उपकार?”

“असं नका बोलू, आजी.”

तो जिन्याकडे वळायचा. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर बसायचा आणि तोंडात रुमाल कोंबून रडायचा. जाणारे-येणारे ढुंकूनही बघत नसत. त्या जिन्यात रडणं काही नवीन नव्हतं. मग तोंड धुऊन खाली यायचं, की प्रश्न ठरलेला.

“आज किती घेतलं?”

“तीस. आणि श्वासाची नळी काढली.”

“रडलं?”

“कानठळ्या बसवल्या!”

ती हसली. हसता हसता तिला हुंदका फुटला. त्याने घाबरून नर्सला हाक मारली. बीपी मोजलं, थोडं वाढलं होतं. तो तिच्या पायाशी बसून राहिला. फोटोचा हट्ट तिने केव्हाच सोडला होता, एवढंच त्याला बरं वाटलं.

अठराव्या दिवशी मोठ्या ताई दारात म्हणाल्या, “साठ मिली, बाटलीने. टाक्यांची जागाही सुकली. उद्या सुट्टी.”

उद्या! आता हिच्यापुढे कुठल्या तोंडाने उभं राहायचं? रात्रभर तो वाक्यं जुळवत होता, एकही धड जुळलं नाही.

सकाळी आजीने बाळाला दुपट्यात गुंडाळलं. गाडी बोलवायला कोणीतरी खाली धावलं. नवरा एकेक पायरी उतरत पहिल्या मजल्यावर आला आणि बायकोच्या खाटेवर टेकला. तिचं नुकतंच दूध काढून झालं होतं. बाटली भरलेली होती.

“बाळ घरी निघालंय,” तो म्हणाला. “ऐक ना... मला तुला एक...”

तिने त्याचा हात ओढून मांडीवर घेतला. बाहीचं बटण काढलं आणि बाही नीट घड्या घालत कोपरापर्यंत चढवली. मनगट मोकळं होतं, पट्टा नव्हता. त्यावरून तिने अंगठा फिरवला, मग बाटली त्याच्या हातात ठेवली.

“गाडी निघायच्या आत आजींना नेऊन द्या. वाटेत भूक लागेल त्याला,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या बाळाला दूध द्यायचं तर आईचीही सही लागते हो. पाचव्या दिवशी ताई माझ्याकडेही आल्या होत्या.”