खोटा काटा

"हा बघ! नुसती किल्ली फिरवलीय, इंजिन सुरूसुद्धा केलेलं नाही, आणि तापमानाचा काटा मध्यावर! रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा!"

कायदेकाकांचा आवाज कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत गेला. मिस्त्री हात पुसत आला. अंगणात गाडी बॉनेट उघडून उभी होती, जणू तिनेही काकांच्या बाजूने तोंड उघडलं होतं.

"काका, सेन्सर नवा घातलाय."

"घातलास ना? मग खोटा घातलास!"

काकांची उभी हयात वजन-मापं खात्यात गेलेली. दुकानदारांचे खोटे काटे पकडण्यात त्यांनी नाव काढलं होतं आणि शत्रूही. निवृत्तीनंतर पकडायला दुकानदार उरले नाहीत, तेव्हा त्यांनी घरच्यांवर भागवलं. दूधवाल्याचं माप, भिंतीवरचं घड्याळ, काकूंच्या हातचं मीठ, काहीच सुटत नसे. अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीत खोटा काटा निघावा, हे त्यांना थोबाडीत मारल्यासारखं झालं होतं.

आणि हे सगळं शास्त्र मिस्त्रीनेच त्यांना शिकवलेलं. इंजिनातल्या पाण्यात एक सेन्सर बुडालेला असतो. पाणी किती तापलंय ते तो गाडीला कळवतो. गाडी रात्रभर उभी असेल, तर सकाळी त्याने बाहेरच्या हवेइतकंच तापमान दाखवायचं. जास्त दाखवलं की तो बिघडला, साधा हिशोब. मग पेट्रोलचंही गणित बिघडतं, पंखाही नको तेव्हा फिरतो.

काकांच्या गाडीत सगळी लक्षणं होती. पेट्रोल बघता बघता उतरायचं. पहाटे फिरायला गेलेले काका परत आले की कितीदा तरी फाटकातच त्यांना बंद गाडीचा पंखा घरघरताना ऐकू यायचा.

मिस्त्रीने सेन्सर बदलला. जुना गरम पाण्याच्या भांड्यात बुडवून त्याला मीटर लावला, तर पाणी निवत गेलं तसतसा आकडा हवा तसा सरकत गेला. मिस्त्रीने डोकं खाजवलं. मग खात्रीसाठी गाडी गॅरेजातच ठेवून घेतली. तिथे काटा रोज सकाळी शहाण्या मुलासारखा तळाशी. घरी आणली, की परत मध्यावर.

"तुझ्याकडे साव आणि माझ्याकडे चोर? मला शिकवतोस? असले दुकानदार पन्नास पाहिलेत. निरीक्षक आला की काटा सरळ, पाठ फिरली की वाकडा!"

"काका, तोंड सांभाळून बोला. मी फसवून पोट भरत नाही."

"मग आज सिद्ध कर. काटा खाली आला नाही, तर गाळा रिकामा करायचा. करार संपतोच आहे. मी पुढे सही करणार नाही."

मिस्त्रीचा चेहरा उतरला. गॅरेज काकांच्याच गाळ्यात होतं. या गल्लीतच त्याचं नाव झालं होतं, आणि गाळा गेला तर लोक कारणही विचारणार होते.

काकू चहा घेऊन बाहेर आल्या. "अहो, इतकं कशाला ताणायचं? काटा खरंही बोलत असेल."

काका हसले. "ऐकलंस मिस्त्री? या तज्ज्ञ! एकदा गाडी हातात घेतली, तर फाटकाचा खांब पाडला."

खांब पडला नव्हता, त्याचा रंग खरवडला होता. पण काकांच्या सांगण्यात तो दरवर्षी थोडाथोडा कलत गेला आणि आता साफ आडवा झाला होता. त्या दिवसापासून काकूंची जागा मागच्या सीटवर.

काकूंनी कप कठड्यावर ठेवला. जरा जोरातच.

मिस्त्रीने गाडीला तपासणीचा स्कॅनर जोडला. त्यावरही आकडा चढलेलाच. त्याचा सगळा राग आता सेन्सर विकणाऱ्यावर गेला.

"नवाच खराब निघाला. अख्खा माल फालतू असणार." त्याने खिशातून सीलबंद खोकं काढलं. "हा तिसरा, दुसऱ्या कंपनीचा. तुमच्यासमोर फोडतो, तुमच्यासमोर बसवतो."

"बसव. आणि मी इथून हलणार नाही."

"आधी रेडिएटरचं झाकण उघडून पाण्याचा दाब काढावा लागेल. मग थोडं पाणी सोडायचं, जुना काढायचा, नवा आवळायचा. गाडी रात्रभर उभी आहे, म्हणून लगेच करता येईल. नाहीतर तासभर थांबावं लागलं असतं."

"भाषण पुरे. उघड."

मिस्त्रीने झाकणावर फडकं टाकलं, दात आवळले आणि तोंड पुढे करून पीळ द्यायला हात घातला.

"थांबा! झाकण सोडा!"

काकूंचा असा आवाज काकांनी लग्नानंतर प्रथमच ऐकला. मिस्त्रीचा हात जागच्या जागी थिजला.

"आता तुझं काय मध्येच?"

"उकळतं पाणी तोंडावर येईल त्यांच्या. इंजिन गरम आहे."

"गरम कसं असेल? गाडी रात्रभर इथेच उभी होती!"

"रात्रभर होती," काकू म्हणाल्या. "पहाटे तुम्ही फिरायला गेलात, की मी घेऊन जाते. आणि माझ्यापायी या माणसाचं दुकान जाणार असेल, तर मी आता गप्प बसणार नाही."

काकांनी बॉनेटखाली हात नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"तू? गाडी? कुठे घेऊन जातेस?"

"मैदानावर," काकू म्हणाल्या. "गल्लीतल्या बायकांना ड्रायव्हिंग शिकवायला."