उजवा खांदा

"दुखण्यावरची एखादी गोळी घेत होता का तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "कंबर, सांधे, डोकं, कशासाठीही?"

पलंगावरच्या बाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो पायथ्याशी उभा होता, तोंडावर मास्क, अंगावर दवाखान्याने दिलेला हिरवा डगला. बोलायला त्याने श्वास घेतलाच होता.

"छे हो," ती घाईने म्हणाली. घशात फोड आले होते, शब्द खरवडत बाहेर पडत होते. "मला गोळी गिळताच येत नाही. लहानपणापासून."

तो मास्कवरून डोळे विस्फारून तिच्याकडे बघत राहिला.

दोघांची लॉन्ड्री होती. तो धुवायचा, ती इस्त्री करायची. नव्या हॉटेलच्या चादरींचं काम मिळालं आणि तिचा उजवा खांदा धरला, हात वर होईना. "जाईल आपोआप," ती म्हणत होती. त्यानेच कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. रोज नाश्ता झाला की पाण्याचा पेला घेऊन समोर उभा राहायचा. "तोंड उघड, दाखव, गिळलीस का?" ती जीभ काढून दाखवायची. खांदा सुटला. मग ताप आला, घसा सुजला, मांडीवर निळे डाग उठले. डाग बघून ती म्हणाली होती, टेबलाचा कोपरा लागला असेल.

"विचारण्याचं कारण असं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाडांच्या आत रक्त तयार होतं. ते काम तुमच्या शरीरात बंद पडलंय. त्या साध्या गोळ्यांनीही होतं असं कधी कधी. फार क्वचित, लाखांत एखाद्याला. पण तुम्ही घेतल्याच नसतील, तर दुसरं कारण शोधायला हवं."

"नाही घेतल्या," ती म्हणाली.

"नक्की ना? नाहीतर इथे ताप उतरवायला आमच्याच हातून त्यातलं काही दिलं जायचं."

"नक्की."

डॉक्टरीणबाई दाराकडे वळल्या.

"खोटं बोलतेय ती," नवरा म्हणाला. आवाज फाटला. "मी देत होतो, डॉक्टर. रोज. माझ्या हाताने."

"अहो, गप्प बसा की!"

"समोर उभं राहून गिळायला लावायचो." त्याने गोळीचं नाव सांगितलं, पाकिटाचा रंग सांगितला, किती दिल्या ते सांगितलं. विचारलं नव्हतं तेही सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "या गोळ्या घराघरांत असतात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझ्याही घरात आहेत. तुमची चूक नाही यात."

त्याने मान हलवली. जळलेला शर्ट हातात धरून गिऱ्हाईक "असू दे" म्हणायचं, तेव्हाही तो अशीच मान हलवायचा.

त्या दार ओढून घेऊन गेल्या.

"कशाला बोललात?" तिने विचारलं. "मी निभावून नेलं होतं ना?"

"तुला बरं करायचंय मला."

"आणि नाही झाले बरी, तर?" ती छताकडे बघत होती. "जन्मभर तेच उगाळत बसाल. मी ओळखत नाही का तुम्हाला? गिऱ्हाइकाचं एक बटण तुटलं तर आठवडाभर जेवण जात नाही तुम्हाला. मी तर अख्खी बाई आहे."

त्याला हसू आलं. मास्कच्या आत ते कुठेतरी अडकलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"इकडे या," ती म्हणाली. "रडायचं ते इथे बसून रडा. तिकडे भिंतीला काय कळतंय?"

तो स्टुलावर बसला.

"खांदा दाबा जरा."

"अगं, सिस्टर म्हणाल्यात, जोराने हात लावायचा नाही. निळं पडतं."

"मग हळू लावा."

त्याने नळावर हात धुतले. कोपरापर्यंत, दोनदा. मग उजव्या खांद्यावर तळवा ठेवला. ती तापाने फणफणली होती. तिने डोळे मिटले.

"दुखतोय का अजून?"

"नाही," ती म्हणाली. "तुमच्या गोळ्यांनी खांदा तेवढा छान झाला हो."

त्याची बोटं आवळली गेली. त्याला कळलंही नाही. तिला कळलं असावं, पण ती काही बोलली नाही. संध्याकाळची भेटीची वेळ संपेपर्यंत दोघं तशीच होती.

गोळ्या बंद होत्या. बाटल्यांमागून बाटल्या रक्त चढवलं, रक्त वाढायची इंजेक्शनं झाली. हाडांच्या आतलं काम काही पुन्हा सुरू झालं नाही. त्याच आठवड्यात, सकाळची उन्हं खिडकीत आली असताना ती गेली. तो तेव्हा जिन्यात होता, वर येत होता.

सिस्टर तिचं अंग पुसत होत्या. त्याला आता मास्क लावायला कुणी सांगितलं नाही. सिस्टरनी पाठ पुसायला तिला कुशीवर वळवलं आणि तिच्या डगल्याचा गळा उजव्या खांद्यावरून घसरला.

खांद्यावर चार बोटं आणि एक अंगठा उमटला होता. निळा, कडेने पिवळसर.

सिस्टरनी चटकन कापड वर ओढलं. त्याने ते पुन्हा खाली केलं आणि आपला हात त्यावर ठेवून पाहिला.

बरोबर बसला.